पिकअप किती पाहिजे?

इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की आमच्या कँटीनमध्ये पहिला प्रश्न ठरलेला. "झिरो टू हंड्रेड किती सेकंदात?" किंमत मागाहून, रेंज त्याच्याही मागाहून. गाडी चार्ज कुठे करणार हे तर कोणी विचारतच नाही, कारण विचारणाऱ्यांपैकी एकाकडेही कार नाही! सगळ्यांच्यात मिळून दोन बाइक आणि एक स्कूटी. पण आकडे तोंडपाठ. महिंद्राची बीई ६, ६.७ सेकंद. टाटाची हॅरियर ईव्ही, ६.३ सेकंद. आणि महिंद्रा समूहाच्याच मालकीची ती इटलीची पिनिनफरिना बत्तिस्ता, १.८६ सेकंद! हा शेवटचा आकडा सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा असा होतो की जणू तो स्वतःच ती चालवून आत्ता उतरलाय.

मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत 'ॲक्सिलरेशन' शिकले. हॉस्टेलवर मराठी माध्यमातून आलेल्या रूममेटने 'त्वरण' हा शब्द सांगितला तेव्हा मला ते एखाद्या आयुर्वेदिक चूर्णाचं नाव वाटलं होतं. रस्त्यावर मात्र हे दोन्ही शब्द चालत नाहीत. तिथे एकच शब्द, पिकअप. "गाडीले पिकअप हाये का?" एवढं विचारलं की सगळं आलं.

तर या पिकअपची खरी गरज किती, हे मला कोणत्या रीलने नाही, माझ्या मामीने दाखवलं. मामी आलापल्लीला राहते आणि एटापल्लीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. जायला तीसेक किलोमीटर, यायला तेवढंच. २०२३ मध्ये तिने आणि मामाने टियागो ईव्ही घेतली, २४ युनिट बॅटरीवाली. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या प्लगला लावली की सकाळी भरलेली. मामा शिक्षक, त्याची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे कागदावर गाडी त्याची असली तरी खरी मालकीण मामीच. या गाडीचा कंपनीने सांगितलेला आकडा शून्य ते शंभरचा नाहीच, शून्य ते साठचा आहे : ५.७ सेकंद. मोटर ५५ किलोवॅटची. कँटीनच्या हिशोबाने ही गाडी म्हणजे किस झाड की पत्ती!

पुण्या-नाशिकहून आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हा रस्ता कोणता ते सांगायला हवं. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे गेलं की आष्टीला वैनगंगा लागते. ती ओलांडली की गडचिरोली जिल्हा. पुढे आलापल्ली, तिथून एटापल्ली, हेडरी आणि मग सूरजागडचा डोंगर. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, मध्ये दुभाजक नसलेला रस्ता. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला, खाण सुरू झाली २०१६ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी तिथे पाऊणशेच्या वर वाहनं जाळली. मग काम थांबलं आणि २०२१ पासून परत जोरात सुरू झालं. २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली.

१ कोटी टन म्हणजे किती, हे आपल्याला परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी सहज गणित केलं. एका ट्रकमध्ये ३० टन धरले आणि सगळं खनिज ट्रकनेच न्यायचं म्हटलं, तर दिवसाला नऊशेच्या वर भरलेले ट्रक. तेवढेच रिकामे परत. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर रात्रंदिवस दर ४७ सेकंदांनी एक ट्रक! जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली, तीत खनिजाची पूड पाण्यात कालवून पाठवतात. त्यामुळे सगळा भार ट्रकांवर नाही. पण ट्रक संपलेले नाहीत. अपघातांवरून या पट्ट्यात रास्ता रोको झालेले आहेत, आणि मामीच्या दवाखान्यात काय काय येतं ते ती जेवताना सांगत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

सुट्टीत मी आठ दिवस तिच्याकडे होते. रोज सकाळी तिच्या शेजारी बसून एटापल्लीपर्यंत जायचं, दिवसभर तिथल्या एका खोलीत पुस्तक उघडून बसायचं (उघडून बसायचं, वाचायचं असं म्हटलेलं नाही!) आणि संध्याकाळी परत. पहिल्याच दिवशी मी कँटीनछाप प्रश्न टाकला, "मामी, शंभरवर किती वेळात जाते गं?"

"शंभरवर जाऊन करू काय वं? इथं सत्तरवर गेली तं डुक्कर आडवं येते."

खरंच की! केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा साध्या रस्त्यांवर कारची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. म्हणजे शून्य ते शंभर हा आकडा या रस्त्यावर कायद्यानेच निकाली निघतो. आणि शून्यापासून तरी कोण निघतं? ट्रकच्या मागे आपण चाळीसने चाललेले असतो. तेव्हा खरा आकडा आहे चाळीस ते सत्तर. हा आकडा जाहिरातीत सहसा नसतो.

"मग पिकअप नको का तुला?"

"पायजे ना. ट्रकच्या मागून निघाले पायजे. कोनाले दाखवाले नाही पायजे."

हे वाक्य डोक्यात राहिलं आणि त्या रात्री मी वहीत ओव्हरटेक मांडला. गणित अकरावीचं आहे, घाबरू नका. ट्रक ताशी ४० ने चाललाय. मागे १५ मीटर अंतर, ट्रकची लांबी १०, आपली गाडी ४ आणि पुढे गेल्यावर सोडायचे १६. म्हणजे ट्रकपेक्षा आपल्याला ४५ मीटर जास्त जायचंय. वेग ४० वरून ७० पर्यंत वाढवायचा आणि मग तोच ठेवायचा. वेगातला फरक सेकंदाला ८.३३ मीटर. सूत्र येतं ते असं : लागणारा वेळ म्हणजे ५.४ सेकंद, अधिक ४.२ भागिले त्वरण. (बघा, 'त्वरण' वापरला!)

आता त्यात आकडे घाला. पाच माणसं भरलेली छोटी पेट्रोल गाडी, वरच्याच गिअरमध्ये रेटलेली, तिचं त्वरण १ धरू. वेळ ९.६ सेकंद. मामीची टियागो या वेगाला २ च्या थोडी वर जाते, २ धरू. वेळ ७.५ सेकंद. म्हणजे दोन सेकंद वाचले, आणि या रस्त्यावर दोन सेकंद ही फार मोठी गोष्ट आहे. आता हॅरियर ईव्ही किंवा बीई ६ घ्या, त्वरण ४. वेळ ६.४. म्हणजे त्वरण दुप्पट केलं, किंमत दुपटीच्याही वर गेली, आणि हाती आला एक सेकंद. आणि ती बत्तिस्ता? तिचं त्वरण १५ च्या जवळ. वेळ ५.७. सूत्रातले ते ५.४ सेकंद कोणालाच चुकत नाहीत. ते पिकअपचे नाहीतच, ते ट्रकच्या लांबीचे आणि वेगमर्यादेचे आहेत. जगातली सगळ्यात भारी गाडी आणून उभी केली तरी.

पुढे तर आणखी मजा. ट्रक एकटे नसतात, रांगेने येतात. दोन ट्रकमध्ये वीस मीटर अंतर धरलं तर ४५ चे ७५ मीटर होतात आणि ५.४ चे ९ सेकंद. तीन ट्रक म्हणजे साडेबारा सेकंद. रांग वाढते तसा पिकअपचा वाटा कमी कमी होत जातो, कारण ते ४.२ भागिले त्वरण तेवढंच राहतं. लोक नेमके इथेच फसतात. एका ट्रकला झपकन मागे टाकणारी गाडी मिळाली की वाटतं, तीनही टाकू!

समोरून येणाराही ताशी ४० ने येतोय असं धरून रिकामा रस्ता किती लागतो तेही काढलं. त्वरण १ असेल तर २६० मीटर, २ असेल तर २१०, ४ असेल तर १९०. आणि पिकअप अमर्याद असला, म्हणजे पाय ठेवताच गाडी सत्तरवर, तरी १६५ मीटर. आता आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर उन्हाळ्यात भरलेल्या ट्रकच्या मागे चला. तांबडी धूळ अशी उठते की पुढचे शंभर मीटर दिसले तरी नशीब. १६५ मीटर लागणार आणि दिसणार १००. त्या जागी कोणतीच गाडी, कोणत्याही किमतीची, निघू शकत नाही. निघते ती नशिबावर निघते.

मामीला यातलं एकही सूत्र माहीत नाही. पण तिच्या रस्त्यावर तिच्या जागा ठरलेल्या आहेत. कोणत्या नाल्यानंतर रस्ता सरळ होतो, कुठे सागाची झाडं मागे हटलीत आणि पार पुढचं दिसतं, कुठे उतारामुळे रिकामा ट्रक सुसाट येतो. त्या जागा येईपर्यंत ती ट्रकच्या बरीच मागे, धुळीच्या बाहेर राहून रेडिओ ऐकत चालते. मागचे हॉर्न मारतात. ती बोटाने "जा बाबा" अशी खूण करते. एका संध्याकाळी मी मोजलं. आमच्या पुढे एकूण सात ट्रक लागले, तिने मागे टाकले तीन. मी मोबाइलवर वेळ लावली होती. तिन्ही वेळा सात ते आठ सेकंद. वहीतल्या आकड्याशी जमलं म्हणून मी गाडीतच ओरडले आणि शिव्या खाल्ल्या.

पण तिच्याकडे जुनी पेट्रोल गाडी होती तिच्यापेक्षा हीच का आवडते, असं विचारलं तेव्हा तिने 'पिकअप' हा शब्दच वापरला नाही. म्हणाली, "तिले सांगा लागे. हिले सांगा नाही लागत." मला हे समजायला दोन दिवस लागले.

पेट्रोल गाडीत मोकळा रस्ता दिसल्यावर आधी क्लच, मग गिअर खाली, मग इंजिन वर चढणार, मग गाडी निघणार. या सगळ्यात एक सेकंद सहज जातो. त्या एका सेकंदात आपण ११ मीटर पुढे जातो आणि समोरचाही ११ मीटर जवळ येतो. एकूण २२ मीटर रिकामा रस्ता काहीही न करता संपला. आता वरचे आकडे परत बघा. त्वरण २ वरून ४ केल्यावर वाचत होते साधारण तेवढेच! म्हणजे पाय ठेवताच निघणारी साधी गाडी आणि एक सेकंद विचार करून दुप्पट जोराने निघणारी गाडी, दोघी ट्रकपुढे एकाच वेळी पोचतात. इलेक्ट्रिक मोटरला शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क मिळतो, गिअर एकच, क्लच नाही. हे आपल्याला मशीन्सच्या पेपरात सहा मार्कांना असतं. पण मालकाला आवडते ती हीच गोष्ट. लोक ज्याला 'ईव्हीचा पिकअप' म्हणून नावाजतात त्यात निम्मी तर ही तत्परता आहे, आणि ती स्वस्तातल्या गाडीतही तेवढीच मिळते. कंपन्या ती विकत नाहीत, कारण तिचा आकडा पोस्टरवर मोठा दिसत नाही.

आता एक भीती दूर करते, कारण मामाने ती पुन्हा पुन्हा काढली. "जोरात पळवली तं बॅटरी लवकर उतरते." अर्धं खरं. माणसांसकट १४०० किलोची गाडी शून्यावरून सत्तरवर न्यायला लागणारी गतिज ऊर्जा निघते ०.०७ युनिट. हळू न्या की जोरात न्या, ती तेवढीच. २४ युनिटच्या बॅटरीत हे तीनशेहून जास्त वेळा करता येईल. टॉर्क दुप्पट मागितला की करंट दुप्पट, आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. पण वेळ निम्मा लागतो, म्हणून ती जास्तीची उष्णता दुप्पट होते, चौपट नाही. शिवाय पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होऊन त्यातली काही ऊर्जा परत भरते. बॅटरी खरी खाते ती हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने गेलं तर सत्तरच्या मानाने दर किलोमीटरला हवा जवळजवळ तिप्पट वसुली करते. मामी एका चार्जमध्ये आलापल्लीहून चंद्रपूरला आरामात येते, वर थोडी उरते, कारण रस्ताच तिला पळू देत नाही. ट्रकवाल्यांचे उपकारच म्हणायचे!

एका रविवारी आम्ही सूरजागडपर्यंत गेलो. पावसाळ्याचे दिवस होते. डोंगरावर ठाकूरदेव आहे, दरवर्षी जानेवारीत ५ ते ७ तारखेला तिथे मोठी यात्रा भरते, आजूबाजूच्या सत्तर गावांचे माडिया-गोंड लोक येतात. खाणीला विरोधही याच यात्रेत वर्षानुवर्षं बोलला गेला. मामी नोकरीला लागली तेव्हापासून हा डोंगर बघतेय. काचेवरचं लाल पाणी वायपरने सारत ती म्हणाली, "पहिले इकडून पुरा हिरवा दिसे." मग पुढे काही बोलली नाही. मलाही काही सुचलं नाही. आपण ज्याच्या गप्पा मारतो त्या सगळ्या गाड्यांचं लोखंड कुठल्यातरी अशाच डोंगरातून येत असणार, एवढंच डोक्यात आलं.

हेडरीच्या पुढे रस्त्यावर तांबड्या गाळाचा थर होता. सायकलवाले, डोक्यावर सरपण घेतलेल्या बाया, बकऱ्या. इलेक्ट्रिक गाडीचा आवाज नसतो, त्यामुळे त्यांना आपण मागून आलेलं कळतच नाही. मामी लांबूनच हलका हॉर्न देते आणि मग वीसने जाते. एका चढावर एक म्हातारे बाबा आडवे आले म्हणून थांबलो. निघताना मी म्हटलं, स्पोर्ट मोड लाव ना. तिने मुद्दाम लावून पाय दाबला. पुढची चाकं सर्रर्र करून जागेवर फिरली, गाडी तसूभर सरकून थांबली आणि ते बाबा हसले. मग तिने स्पोर्ट काढला, पाय अलगद ठेवला, आणि गाडी शहाण्यासारखी चढली.

हेही गणितच. गाडीला ढकलते ती मोटर नाही, टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण ढकलतं. असल्या गाळात घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि पुढच्या चाकांवर गाडीचं निम्मं वजन धरलं, तर मिळू शकणारं जास्तीत जास्त त्वरण १.५. सपाटीवर. चढावर त्याहून कमी. मोटर ५५ किलोवॅटची असो की २१० ची, टायरला मान्य नसेल तर बाकीची ताकद चिखल उडवायला. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर आकडा दुप्पट होईल, हे कबूल. म्हणजे सूरजागडच्या पावसाळ्यात पैसे घालायचेच तर ते चारही चाकांत घालावेत, सेकंदांत नाही. आणि चांगल्या टायरांत. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात, वर झटक्याने निघायची सवय लागली की टायर लवकर झिजतात. मामीने तेही वेळेवर बदललेत.

पिकअपला नावं ठेवायचा माझा विचार नाही. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलेली जगातली पहिली कार इलेक्ट्रिकच होती, बेल्जियमच्या कामिय झेनात्झीची. पुढे शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, बंगलोरची रेवा आली तेव्हा तिच्या बिचारीच्या वेगावर लोक हसले. इलेक्ट्रिक म्हणजे मरतुकडी, ही समजूत पुसायला पुढच्या गाड्यांना थोडं पळून दाखवावं लागलं. २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीने ९.९ सेकंदांत शंभर गाठण्याचा दावा केला आणि लोक गंभीरपणे बघायला लागले, ते बरंच झालं. त्वरण १ वरून २ वर आणणं यात माणसं वाचतात, वरच्या आकड्यांत ते दिसतंच. माझं भांडण आहे ते २ च्या पुढच्या सेकंदांसाठी कर्ज काढणाऱ्यांशी, आणि ते कर्ज काढायला लावणाऱ्या पोस्टरशी.

मामा आता मोठी गाडी घ्यायची म्हणतोय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं नागपूरला टेस्ट ड्राइव्हला गेलो होतो. सेल्समन पोरगा माझ्याच वयाचा, उत्साही. मोकळा रस्ता बघून त्याने गाडी अशी काही सोडली की मामाचा चष्मा नाकावरून घसरला आणि मी, खरं सांगते, मागच्या सीटवर किंचाळून हसले. मजा येते, नाही कशी म्हणू! पोराने विजयी मुद्रेने मामीकडे पाहिलं. मामी पुढच्या सीटवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिने त्याला गाडी चाळीसवर घ्यायला सांगितली. मग सत्तरवर. मग परत चाळीसवर. मग अर्जंट ब्रेक मारायला सांगितला. मग विचारलं की आष्टीच्या पुढे चार्जर बंद असला तर घरच्या १५ अँपिअरवर ही एवढी मोठी बॅटरी भरायला किती तास, आणि लाइट रात्री दोनला गेली तर सकाळी ड्यूटीला ही मला एटापल्लीला नेऊन आणेल का.

पोराने मॅनेजरला फोन लावला.